उपासनेंत गाणें आणि नाचणें

नाताळचा सण व शाळेचें स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे दरवर्षीं एक जुना वाद आमच्यापुढें नव्यानें उभा राहतो. मुलांनीं गावें हें सर्वांस मान्य असतें. पण ढोलकी घ्यावी कीं नाहीं, टाळ्या वाजवाव्या कीं नाहीं, आणि फेर धरून नाचावें कीं नाहीं, याविषयीं पालकांत व शिक्षकांत एकमत होत नाहीं. कित्येक भाविक पालक आम्हांस सांगतात कीं, देवाच्या नांवानें जें करावयाचें तें शांतपणें, पुस्तक हातीं धरून, जागच्या जागीं उभें राहून करावें. नाच ही तमाशाची व जत्रेची गोष्ट आहे. उलट पक्षीं कित्येकांस वाटतें कीं, सण आहे तर ध्वनिवर्धक लावावा आणि पोरांना सिनेमाच्या गाण्यांवर हवें तसें नाचूं द्यावें. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. हाच प्रश्न सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं यहूदी लोकांतील हसीदी नांवाच्या पंथापुढें होता. त्या पंथानें त्याचें काय उत्तर दिलें, आणि आपल्याच महाराष्ट्रांतील यहूदी बांधवांनीं त्याचें काय उत्तर शोधलें, हें पाहिलें असतां आपलाही मार्ग पुष्कळ सुकर होईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. देवापुढें नाचणें ही कल्पना पवित्र शास्त्रास परकी नाहीं. तांबडा समुद्र ओलांडून इस्राएल लोक सुटले तेव्हां मिर्यामेनें हातीं डफ घेतला व सर्व स्त्रिया तिच्यामागून नाचत निघाल्या. दावीद राजानें कराराचा कोश यरुशलेमेंत आणला तेव्हां तो साधें तागाचें वस्त्र नेसून, आपलें राजेपण विसरून, कोशापुढें सर्व बळानें नाचला. त्याची पत्नी मीखल हिनें खिडकींतून तें पाहिलें व मनांत त्यास तुच्छ मानलें. ही कथा वाचणाऱ्या कोणासही दिसेल कीं, शास्त्रानें दावीदाची बाजू घेतली आहे, मीखलेची नव्हे. स्तोत्रसंहितेचें अखेरचें, म्हणजे १५० वें स्तोत्र तर वाद्यांची व नृत्याची एक यादीच आहे. तेव्हां "नाचावें कीं नाहीं" हा प्रश्न शास्त्रानें पूर्वींच सोडविला आहे. कोणी, कोणासाठीं व कशा मनानें नाचावें, एवढाच प्रश्न आमच्यासाठीं उरतो.

आतां हसीदी पंथाकडे वळूं. पोलंड व युक्रेन या देशांतील यहूद्यांची स्थिति सतराव्या शतकांत फार शोचनीय झाली होती. १६४८ सालीं सुरू झालेल्या कोसॅकांच्या बंडांत हजारों यहूदी मारले गेले व गांवेंच्या गांवें ओस पडलीं. पुढें १६६५-६६ सालीं शब्बतै सवी नांवाच्या पुरुषानें आपणच मशीहा आहों असें जाहीर केलें. लोक आशेनें वेडे झाले. पण तुर्की सुलतानापुढें उभें राहतांच त्यानें धर्म सोडला, आणि ती आशाही मावळली. विद्वान रब्बी आपल्या ग्रंथांत मग्न होते. गाडीवान, शिंपी, फेरीवाले, खेड्यांतील गुत्तेवाले अशा अल्पशिक्षित लोकांस मात्र असें वाटे कीं, ज्यास ग्रंथ वाचतां येत नाहींत त्याची देवाजवळ कांहीं किंमत नाहीं.

अशा काळीं इस्राएल बेन एलिएझर नांवाचा एक साधुपुरुष पुढें आला. लोक त्यास बाल शेम टोव म्हणत. सन १७६० मध्यें मेझिबोझ येथें त्याचा अंत झाला. त्याची शिकवण अशी कीं, देव सर्वत्र भरलेला आहे. म्हणून त्याची सेवा केवळ पाठशाळेंतच होते असें नाहीं. जेवतांना, धंदा करतांना, वाटेनें चालतांनाही ती होते. खिन्नता ही भक्तीची शत्रु आहे, आणि आनंद हें भक्तीचें दार आहे. या पंथांत एक आख्यायिका सांगतात. प्रायश्चित्ताच्या महान् दिवशीं मंदिरांत एक अडाणी गुराखी पोर बसला होता. त्यास एकही प्रार्थना वाचतां येईना. शेवटीं मन आवरेनासें होऊन त्यानें खिशांतला पावा काढून मोठ्यानें फुंकला. सभा संतापली; पण बाल शेम टोव म्हणाला कीं, या पोराच्या शुद्ध स्वरानें आम्हां सर्वांच्या अडलेल्या प्रार्थना वर नेल्या. गोष्ट घडली असो वा नसो, तीत त्या पंथाचें सर्व मर्म आलें आहे.

या शिकवणीमुळें हसीदी लोकांत गाण्यास विलक्षण महत्त्व आलें. त्यांच्या चालीस 'निगुन' म्हणतात. पुष्कळ निगुनांस शब्दच नसतात. केवळ कांहीं निरर्थक अक्षरांवर चाल पुन्हां पुन्हां आळवावयाची. त्यांची समजूत अशी कीं, शब्द संपतात तेथें आत्म्याची भाषा सुरू होते. शिवाय शब्दच नसल्यामुळें पंडित व अडाणी हा भेदही तेथें उरत नाहीं. शब्बाथाच्या दिवशीं त्यांच्यांत वाद्यें वाजवीत नाहींत. शनिवारीं सायंकाळीं शिष्यगण गुरूच्या मेजाभोंवतीं दाटीनें बसतो, आणि केवळ कंठांच्या व हातांच्या बळावर तास तास गाणें चालतें. नाचही साधाच असतो. एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून पुरुष वर्तुळ करतात व एकाच ठेक्यावर पावलें टाकतात. स्त्रियांचें वर्तुळ वेगळें असतें. वर्तुळांत पहिला कोणी नसतो व शेवटचाही कोणी नसतो. सिम्हात तोरा, म्हणजे नियमशास्त्राच्या आनंदाचा सण आला कीं जगांतील सर्वच यहूदी शास्त्राच्या गुंडाळ्या उराशीं धरून सात प्रदक्षिणा करतात. हसीदी लोक त्या प्रदक्षिणांचें नाचांत रूपांतर करतात. ब्रेस्लावचा गुरु नाखमान (१७७२-१८१०) यानें तर आनंदी राहणें हेंच एक मोठें धर्मकर्तव्य म्हणून शिकविलें. आणि हा मनुष्य स्वतः क्षयानें अडतिसाव्या वर्षीं गेला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या शिकवणीची किंमत कळते.

या नव्या पंथास विरोध झाला नसता तरच नवल. व्हिल्ना येथील महापंडित एलीया (१७२०-१७९७) याच्या संमतीनें १७७२ सालीं हसीदी लोकांस बहिष्कृत करण्यांत आलें. त्यांच्यावरील आरोपांत एक असा होता कीं, हे लोक प्रार्थना करतां करतां कोलांट्या मारतात. हा आरोप सर्वस्वीं खोटा नव्हता. कालिस्क येथील अब्राहाम नांवाच्या एका पुढाऱ्याचे शिष्य खरोखरच तसें करीत, व विद्वानांची उघड टवाळी करीत. परंतु ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, त्यांस खुद्द हसीदी गुरूनेंच, म्हणजे मेझेरिचच्या दोव बेर यानेंच, खडसावलें. आनंद हा देवाकडे वळलेला असेल तर तो भक्ति. तो आपल्याच प्रदर्शनाकडे किंवा दुसऱ्याच्या उपहासाकडे वळला तर तो उच्छृंखलपणा. ही मर्यादा त्यांनीं आपली आपणच घालून घेतली.

दुसरी एक गोष्ट आम्हांस याहूनही महत्त्वाची वाटते. हसीदी गुरूंनीं चाली कोठून घेतल्या? पुष्कळशा शेजाऱ्यांकडून. हंगेरींतील कालेव येथील गुरु इसहाक टाउब (मृत्यु १८२१) यानें एका मेंढपाळ पोराच्या तोंडचें प्रीतिगीत ऐकलें, तें त्यास आवडलें, व त्यानें तें देवाच्या विरहाचें गीत करून टाकलें. त्याचे अनुयायी तें आजही हंगेरियन भाषेंतच गातात. हाबाद शाखेचा संस्थापक श्नेऊर झल्मान (१७४५-१८१२) याच्या काळीं, सन १८१२ मध्यें, नेपोलियनची फौज रशियांत शिरली. त्या फौजेचें कूचगीत म्हणून जी चाल हाबाद लोकांत परंपरेनें आली, ती ते प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या अखेरीस विजयाचें चिन्ह म्हणून गातात. त्यांची श्रद्धा अशी कीं, प्रत्येक चालींत पवित्रतेची एखादी ठिणगी अडकून पडलेली असते, आणि ती सोडविणें हें भक्ताचें काम आहे. परक्या चालीचा विटाळ मानावा, कीं तिला घरीं आणून तिचें सोनें करावें? त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला.

कोणी म्हणेल, हे सुखवस्तु लोकांचे उत्सव असतील. तसें मुळींच नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं साठ लक्ष यहूद्यांचा संहार केला, त्यांत पूर्व युरोपांतील हसीदी गांवें जवळजवळ निःशेष झालीं. मोड्झिट्झ शाखेंतील आझ्रिएल दावीद फास्टाग नांवाच्या गायकानें मृत्युछावणीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यांत मशीहाच्या आगमनावरील श्रद्धेच्या वचनास चाल लावली, असें त्या शाखेचे लोक सांगतात. उरलेल्यांनीं पुढें न्यूयॉर्कमध्यें व इस्राएलांत तींच गाणीं, तेच फेर पुन्हां उभे केले. ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांनीं गाणें सोडलें नाहीं. म्हणून त्यांचा आनंद हलका म्हणतां येत नाहीं.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे येऊं. याच हाबाद शाखेचे एक तरुण रब्बी, गाव्रिएल होल्ट्झबर्ग, व त्यांची पत्नी रिव्का हीं दोघें २००३ सालीं मुंबईस आलीं. कुलाब्यांतील नरीमन हाऊस येथें त्यांचें घर प्रवाशांसाठीं सदैव उघडें असे, व शब्बाथाच्या रात्रीं तेथें जेवण व गाणें चाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर जो अतिरेक्यांचा हल्ला झाला, त्यांत तीं उभयतां व त्यांचे पाहुणे मारले गेले; त्यांचें दोन वर्षांचें मूल त्याला सांभाळणाऱ्या बाईनें जिवावर उदार होऊन बाहेर आणलें. १९१४ च्या युद्धानंतर जन्मलेल्या आमच्या वाडवडिलांस हसीदी हें नांवही ठाऊक नव्हतें; आमच्या पिढीस तें अशा दुःखद रीतीनें ऐकावें लागलें. तें केंद्र २०१४ सालीं पुन्हां उघडलें.

परंतु महाराष्ट्राचे खरे जुने यहूदी म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळ नौगांव येथें गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्यास लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. कोंकणांत ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर हीं त्यांचीं आडनांवें त्यांच्या गांवांचीच साक्ष देतात. मराठी ही त्यांची मातृभाषा. इब्री भाषा ते बहुतेक विसरले होते. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन व स्कॉटिश मिशनऱ्यांनीं त्यांच्यासाठीं शाळा काढल्या. डॉक्टर जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत इब्री व्याकरण छापलें. जुना करार मराठींत उपलब्ध झाला. मिशनऱ्यांस त्यांनीं ख्रिस्ती व्हावें अशी आशा होती. तसें फारच थोडे झाले. बाकीच्यांनीं मिळालेल्या विद्येनें आपलाच धर्म उजळ केला. आम्ही ख्रिस्ती असूनही यांत आम्हांस खेद वाटत नाहीं. विद्या दान केली म्हणजे ती घेणाऱ्याची होते.

मग सन १८८० च्या सुमारास मुंबईंत एक अपूर्व गोष्ट घडली. बेने इस्राएलांनीं आपल्या हिंदु शेजाऱ्यांचें कीर्तन उचललें. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, दावीद हाईम दिवेकर इत्यादि मंडळींनीं जुन्या करारांतील थोर पुरुषांचीं चरित्रें साक्या, दिंड्या, ओव्या व अभंग यांत गुंफलीं, आणि झांजेच्या ठेक्यावर तीं सभेपुढें गाइलीं. ज्यास इब्रींतील एक ओळही कळत नव्हती अशा घाणेवाल्यास व त्याच्या म्हाताऱ्या आईस अब्राहामाची व योसेफाची गोष्ट प्रथमच डोळ्यांपुढें उभी राहिली. पूर्व युरोपांतील गाडीवानांस निगुनानें जें दिलें, तेंच कोंकणांतील तेल्यांस कीर्तनानें दिलें. आणि या दोघांस एकमेकांची वार्ताही नव्हती! पुढें कीर्तनांची चाल मागें पडली, तरी स्त्रियांनीं तीं पदें वह्यांत उतरून ठेवलीं. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला; पण मराठी तेथेंही गेली, 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही तेथें निघालें, आणि एलीया संदेष्ट्याच्या स्मरणाचा मलिद्याचा विधि, पोहे, नारळ व फळें यांसह, तेथेंही होऊं लागला.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीनेंही हाच मार्ग धरला. कविवर्य नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांस १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें नवा करार दिला. ती गाडी आपल्या भंडारा रोड, तुमसर व गोंदिया या स्टेशनांवरूनच जाते. त्या घटकेचा मार्ग आपल्याच भातशेतांमधून गेला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. टिळकांनीं पुढें ख्रिस्ताची भक्ति अभंगांत गाइली आणि कीर्तनही केलें. आज आमच्या उपासना-संगीतांतील जीं गाणीं आमच्या आजीबाई डोळे मिटून म्हणतात, तीं बहुतेक अशींच या मातींतल्या चालींचीं आहेत. ज्यांनीं प्रथम त्यांस "हिंदूंच्या चाली" म्हणून नाकें मुरडलीं, त्यांचींच नातवंडें आज तीं म्हणत आहेत.

आणि आपली झाडीपट्टी? गाण्यानाचाची येथें काय उणीव आहे? दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते व रात्रभर दंडार चालते. गायगोधनाच्या दिवशीं गोवारी बांधव डफ व पाव्याच्या सुरावर ढाल नाचवितात. गोंड बांधव हातांत हात गुंफून फेर धरतात. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं गोंडांचें लिंगोगीत मोठ्या आस्थेनें उतरून घेतलें होतें; त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ सालीं, तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. जें ऐकण्यास ते धर्मोपदेशक खालीं जमिनीवर बसण्यास लाजले नसतील, तें आपल्या मुलांनीं शाळेबाहेरच ठेवून यावें, असें आपण कां म्हणावें?

येथें आमच्या मनांतील खरी काळजी सांगतों. आमच्या वर्गांत असे कित्येक मुलगे आहेत कीं, ज्यांस शास्त्रपाठ तोंडीं येत नाहीं व इंग्रजी वाक्य लिहितां येत नाहीं. पण ढोलकी हातीं दिली कीं त्यांचा ठेका चुकत नाहीं, आणि सात मैलांवरच्या खेड्यांत आजोबांकडून शिकलेलें पाऊल ते असें टाकतात कीं पाहणारा थक्क व्हावा. वर्षाचे तीनशें चौसष्ट दिवस हा मुलगा मागच्या बांकावर बसतो. उरलेल्या एका दिवशींही आपण त्यास म्हणालों कीं, "तुझें जें आहे तें देवाच्या योग्यतेचें नाहीं," तर तो देवाविषयीं काय शिकेल? त्या गुराखी पोराचा पावा हिसकावून घेणारी सभा आपण व्हावें काय?

आक्षेपकांचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. नाच सहज घसरतो. सिनेमांतील गाण्यावर लहान मुलींकडून मोठ्या बायकांचे हावभाव करून घेणें, कर्ण्याचा आवाज इतका चढविणें कीं कोणाचाच कंठ ऐकूं येऊं नये, बक्षिसासाठीं एकानें दुसऱ्यास ढकलणें, हें आम्ही भक्ति समजत नाहीं व करमणूकही समजत नाहीं. परंतु यावर उपाय म्हणून सर्वच नाच बंद करणें म्हणजे भात करपला म्हणून चूलच मोडून टाकणें होय. दोव बेरानें कोलांट्या थांबविल्या. गाणें थांबविलें नाहीं.

म्हणून आम्ही पालकांस व सहकाऱ्यांस तीन गोष्टी सुचवितों. पहिली, नाताळच्या कार्यक्रमांत एक तरी स्तोत्र झाडीपट्टीच्या चालीवर बसवावें, आणि त्याची चाल मुलांनीं आपल्या आजा-आजीकडून आणावी. दुसरी, निवडक दहा मुलांनीं रंगमंचावर नाचण्याऐवजीं सर्व शाळेनें पटांगणांत एक फेर धरावा. त्यांत बक्षीस नसावें, म्हणजे पहिला व शेवटचा हा भेदही राहणार नाहीं. तिसरी, त्या दिवशीं ध्वनिवर्धक बंद असावा. मुलांचे कंठ व ढोलकी एवढें पटांगणास पुरेसें आहे. आमच्या शाळेंत हिंदु, बौद्ध, मुसलमान व गोंड घरांतील मुलेंही आहेत. ज्यास जें गीत म्हणावयाचें नसेल त्यानें तें म्हणूं नये. पण फेरांत हात धरण्यास कोणास आडकाठी नसावी.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे. जें गाल तें मनापासून गा, आणि जें पाऊल टाकाल तें दुसऱ्याच्या पायावर न पडेल असें टाका. शेजारचा हात सोडूं नका. आणि खिडकींतून खालीं पाहणाऱ्या पालकांस आमची विनंति आहे कीं, खिडकी सोडून त्यांनीं पटांगणांत यावें. वर्तुळांत आणखी एका माणसास नेहमींच जागा असते.